गळती

बालेवाडीत सातव्या मजल्यावर बसून
आम्ही शिंप्यांना सॉफ्टवेअर विकतो:
मापं, ट्रायलच्या तारखा, उरलेली बाकी,
कोट तयार झाला की गिऱ्हाइकाला मेसेज.
महिना चारशे नव्व्याण्णव.
कोण टिकलं, कोण गेलं, हे मोजायला मी.

मीटिंगमध्ये त्याला चर्न म्हणतात.
म्हणजे घुसळण. पण लोणी कुणाच्याच हाताला लागत नाही,
म्हणून मी फाइलला नाव दिलं गळती
आणि नळाखाली बादली लावावी
तशी आकड्यांखाली बसून राहिले.

डिसेंबरात आलेले शंभर.
मार्चला त्र्याण्णव, मेमध्ये एक्क्याण्णव,
जुलैत एकदम बावन्न.
सारंग म्हणाला, किंमत.
देवयानी म्हणाली, समोरचे तीनशे नव्व्याण्णवला देतात.
'सोडण्याचं कारण' या चौकटीत
अडतीस जणांनी नुसतं टिंब दिलं होतं.
एकानं लिहिलं होतं, सध्या नको.

सध्या.
या एका शब्दावर मी दोन दिवस घालवले.
तिसऱ्या दिवशी स्कूटर काढली.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांमागे
हणमंत माळवदे, लग्नाचे कोट.
दोन मशिनी, दोन्हींवर चादर.
"आषाढ लागला, मुहूर्त संपले.
तुळशीचं लग्न लागेस्तोवर कोट कोण घालतंय?
कारागीर गावाला गेला. मशीन झाकून ठेवलं.
तुमचं झाकता येत नाही, म्हणून बंद केलं."

मागच्या वर्षीही असंच केलं होतं?
"केलं की. परत आलो तर मापं गायब.
चारशे माणसं पुसलीत तुम्ही, ताई.
मग नव्यानं नाव घातलं."
आणि त्यांनी फळीवरून वही काढली,
कव्हरवर कुठल्यातरी पतपेढीचं कॅलेंडर चिकटवलेलं,
"आता हिच्यातही लिहितो."

ऑफिसात येऊन फोन नंबर जुळवले.
डिसेंबरच्या त्या शंभर नव्यांत
चौतीस जुनेच होते.
त्यांच्या नावानं आम्ही केक कापला होता.

नव्वद दिवसांनी सगळं पुसायचं, हा नियम कुणाचा
तेही शोधलं. खाली माझंच नाव.
शेजारी टीप: 'नव्वद दिवसांनंतर कुणी परत येत नाही.'
चातुर्मास चार महिन्यांचा असतो
हे मला आईच्या कांदा-लसणावरून तरी कळायला हवं होतं.

मी म्हटलं, एक बटण देऊ: झाकून ठेवा.
महिना एकोणपन्नास, मापं जागच्या जागी.
सारंगनं विचारलं, आणि मार्जिन?

मार्जिनचं मी माळवदेंना विचारलं होतं.
ते म्हणाले, "आत सोडतो ना, दोन बोटं.
कापड गिऱ्हाइकाचंच, पण दिसत नाही त्याला.
अंग भरलं की उसवून देतो."
हे मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
स्लाइडवर कसं लिहायचं ते सुचलं नाही.

निकाल असा: नव्वदाचे एकशे ऐंशी झाले.
बटणाचं पुढच्या तिमाहीत बघू.
किंमत पाचशे नव्व्याण्णव, ती मात्र एक तारखेपासूनच.

भावाचं लग्न ठरलंय, डिसेंबरात.
बाबांचा रिसेप्शनचा कोट घेऊन गेले
तेव्हा माळवदेंनी चष्मा कपाळावर सरकवला,
ब्लेडनं पाठीची शिवण उसवली,
आणि आतलं कापड निघालं
गडद निळं, जसं दुकानातून आणलं तसं.
बाहेरचा कोट राखाडी आहे असंच मी
आजवर समजत आले होते.

"येईल बसता," ते म्हणाले, आणि माप घ्यायला
भावाला कधी पाठवता ते विचारलं.
तारीख वहीत लिहिली.
फोन चार्जिंगला होता.