सुका वजा ओला

देवगडच्या कातळावर, बागायतदार संघाच्या कुंपणात
चार पायांवर एक पांढरी पेटी उभी आहे, झडपांची.
पोरं तिला मधाची पेटी समजतात.
आत दोन पारे, शेजारी शेजारी.
एक सुका.
दुसऱ्याच्या पायात मलमलीचा मोजा,
मोज्याचं टोक पाण्याच्या बाटलीत.

सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच
मी दार उघडतो, श्वास रोखून वाचतो.
(श्वासानंही आकडा हलतो,
हे पहिल्याच आठवड्यात कळलं.)
सुका वजा ओला.
एवढ्या वजाबाकीचा संघ मला पगार देतो.

फरक मोठा, तर हवा तहानलेली:
ओठ फुटतात,
शेवंती तारीचे बांगडे दोन उन्हांत खडखडतात.
फरक लहान, तर मिठाच्या बरणीला पाझर,
काडेपेटी मुकी,
दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही तशीच जड.
तापलेली हवा पुष्कळ पाणी पोटात घेते, बोलत नाही.
निवली की तिला ते धरवत नाही.

"आज पडतलो काय रे?"
शेवंती कुंपणापलीकडून विचारते.
मी आकडा सांगतो. ती पूर्वेला बघत असते,
जिथं घाटावर ढग
उतू जाणाऱ्या दुधासारखा वर येतोय.
"तुझो पारो ऱ्हवांदे. माका सुकटीचो वास सांगता."
आणि ती पाट्या आत घेते.
बहुतेक वेळा माझ्याआधी अर्धा तास.

त्या आश्विनात केतकी तापली. एकशे तीन.
तिची आई रत्नागिरीला, खात्याच्या परीक्षेला.
गोळी दिलीय, डॉक्टर म्हणाले, पट्ट्या ठेवत राहा.
संध्याकाळी गडगडून सर येऊन गेलेली,
पण गारवा काही ठेवून गेली नव्हती,
कातळातून नुसती वाफ.
पट्टी कपाळावर गरम व्हायची,
सुकायची मात्र नाही.
अकरा वाजले. बारा.
पट्टी ओली ती ओलीच, पोर तापलेली ती तापलेलीच.

तेव्हा लख्ख दिसलं: हा तोच मोजा.
पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं,
हे मी किती बागायतदारांना समजावलंय.
पण त्याला जायला जागा तर हवी.

टॉर्च घेऊन पेटीकडे गेलो.
रात्रीच्या वाचनाला नोंदवहीत रकाना नाही.
पंचवीस आठ. पंचवीस पाच.
तीन दशांशात अडकलेली माझी मुलगी.

मग वाट पाहिली, दुसरं काय.
कातळ उतावळा, झटकन तापतो, झटकन निवतो.
समुद्र दिवसभराची ऊब मनात धरून बसतो.
म्हणून दिवसा वारा त्याच्याकडून येतो, खारट, ओला,
आणि रात्री कधीतरी, कातळ पुरता निवला की,
फिरतो.
शिडाच्या होड्या त्या फिरण्यावर निघायच्या,
शेवंतीचा सासरा सांगायचा.
मी खाटेवर बसून तेच ऐकत होतो.

साडेतीनला माडाची झावळी एकदा वाजली,
उलट्या बाजूनं.
मतलई.
मी मागचं दार सताड उघडलं.

पट्टीचा एक कोपरा आधी हलका झाला.
मग दुसरा.
भिजवली. पुन्हा सुकली. पुन्हा भिजवली.
पाचच्या सुमाराला तिच्या कानामागे घाम आला,
आणि तिनं पेज मागितली, मीठ घालून.
बरणीतलं मीठ पाण्यात बसलेलं,
चमच्यानं खरवडून काढलं.

गोळीनं उतरला, डॉक्टर म्हणतात. असेल.

साडेआठला पेटी उघडली.
सुका सव्वीस दोन, ओला तेवीस.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
आकाश निरभ्र, वारा पूर्वेचा, मंद.
पुढं बरीच जागा होती.
मोजा मळला होता, तो काढून नवा चढवला,
घरून आणलेल्या कापडाचा.

कुंपणापलीकडे शेवंती पाट्या बाहेर मांडत होती.
"आज सुकतले," म्हणाली,
न विचारता.