अडलेली

एप्रिल लागला की चिलोए बेटावर दिवस आखडतो
आणि सेनिसाची मान उघडी पडते.
मग पाठ. मग शेपटाखालचा भाग,
कच्च्या कणकेसारखा गुलाबी.
खुराड्याच्या दारात रोज मूठभर राखाडी पिसं.
मी म्हटलं, ऋतूच आहे, झडायचीच.
तरी कंदील धरून फळ्यांच्या सांधीत
तांबड्या उवा शोधल्या,
चार-दोन सापडल्या, चिरडल्या.

मंगळवारी ती पेंग्विनसारखी ताठ उभी होती.
दाण्याकडे बघेना.
दर थोड्या वेळानं अंग आकसून जोर करायची
आणि काहीच व्हायचं नाही.

मी होड्यांच्या फटी बुजवणारा माणूस.
झाडाची साल, डांबर, लाकडी हातोडा.
चाळीस वर्षं पाणी आत येऊ दिलं नाही.
आतलं बाहेर आणायचं काम
माझ्या हातून कधी झालेलं नाही.

म्हणून पावसातच एर्मिंदा बार्रियाकडे गेलो.
निम्म्या गावाची नाळ तिनं कापलीय, माझीसुद्धा.
आता बायका बोटीनं कास्त्रोच्या इस्पितळात जातात
आणि तिची पिशवी खुंटीला.
तिनं ऐकून घेतलं. हसली नाही.
विचारलं, "कळा कधीपासून?"

कोपरापर्यंत हात धुतले तिनं, साबणानं, दोनदा.
चुलीजवळ घमेलं, कोमट पाणी, मूठभर मीठ.
सेनिसाला बुडवलं तेव्हा
तिच्या उघड्या कातडीवर काटा आला,
मग ती एर्मिंदाच्या मनगटावर मान टाकून पडली.
म्हातारीचे हात एरवी कपसुद्धा सांडतात.
पाण्याखाली थरथर थांबली.
तेल लावलेलं एक बोट, आणि कितीतरी वेळ
फक्त लाकडं तडतडत होती.
"तू बाहेर जा," ती मला म्हणाली.
गेलो. बापासारखा व्हरांड्यात फेऱ्या घालत बसलो,
कोंबडीसाठी!

अंडं आलं ते कवचाविना.
ओल्या पिशवीसारखं लिबलिबीत,
बशीत ठेवलं तर पसरलं.
"पिसं आणि अंडी एकाच कणगीतून निघतात," एर्मिंदा म्हणाली,
"तुझ्या बाईची कणगी रिकामी झालीय.
शिंपले कुटून घाल. उकडलेला मासा घाल.
आणि खुराड्यात दिवा लावू नकोस,
लवकर अंधार पडतोय तर पडू दे तिला."

पैसे काढले तर हात झटकून टाकला.
मुलाचे बटाटे एक पोतं, जुळ्यांचे दोन,
कोंबडीचा दर तिनं कधी ठरवलाच नव्हता.

आता जून.
सेनिसाच्या मानेवर निळसर कोंब फुटलेत,
टोक काढलेल्या पेन्सिलींसारखे, हात लावू देत नाही.
अंडं नाही. दुकानात विचारतात, मी खांदे उडवतो.

दर मंगळवारी एर्मिंदा न बोलावता येते,
पिशवी घेऊन.
सेनिसा बरी आहे
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.
पाणी मात्र आधीच तापवून ठेवतो,
आणि साबण.