पत्रक, चिखलाच्या दिवसांतलं

शाळेचं पत्रक दर महिन्याला मीच टाइप करते.
एप्रिलसाठी पिवळा कागद काढते,
पांढरा इथे कुणाच्या नजरेत भरत नाही,
पाच महिने तोच रंग बघून डोळे विटलेले असतात.

प्रिय पालकहो,
मुलांना गमबूट घालूनच पाठवा,
दप्तरात कोरड्या मोज्यांची एक जोडी असू द्या.
मंगळवारी पहिलीतल्या ओपलचा बूट
मैदानानं गिळला तो गिळलाच.
मिस ट्रुडोंनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं,
हाती लागला तो दुसऱ्याच कुणाचा,
गेल्या वर्षीचा.

चार नंबरची बस सॉयर रोडला वळणार नाही.
जमिनीतलं गोठलेलं पाणी सुटतंय, रस्ता फुगलाय,
गॉर्डन म्हणतो, कणकेवरून गाडी हाकल्यासारखं वाटतं.
त्या बाजूच्या मुलांनी पुलापाशी थांबावं
आणि नदीत दगड टाकू नयेत.
हे मी दरवर्षी लिहिते.
दरवर्षी टाकतात.

जिन्याखालच्या टेबलावर सापडलेल्या वस्तू मांडल्यात.
एकोणतीस हातमोजे,
त्यात जोडी म्हणाल तर एकही नाही.

बालवाडीतली अंडी शुक्रवारी फुटायची आहेत.
बारा ठेवली आहेत. बाराही पिल्लं येतीलच असं नाही,
याबद्दल घरी आधीच बोलून ठेवा,
रात्री झोपवताना नको.

इथे मी चहा घेऊन आले.

सोमवारपासून दुसरीचे दोन्ही वर्ग एकत्र बसतील.
'मुलांची आपसात ओळख वाढावी म्हणून' असं लिहा,
मुख्याध्यापक दारातून म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
मी तसंच लिहिलं.
जानेवारीत कागदगिरणी बंद झाली, हे लिहिलं नाही,
अकरा बाकं रिकामी झाली, हेही नाही.
गावाला ते पत्रकातून कळायचं थोडंच राहिलंय!
माझा डेल तिथे सव्वीस वर्षं होता,
आता दुपारी घरी असतो,
खारींना नावं ठेवतो
आणि मग त्या नावांनी हाका मारतो.

तर मग, खुर्ची.
डिसेंबरात तळं घट्ट झालं की
लाकडी लाल खुर्ची आम्ही मधोमध नेऊन ठेवतो,
आणि मुलं वहीत तारीख लिहितात, कधी बुडेल त्याची.
यंदा सतरा एप्रिल, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.
सगळी शाळा खिडक्यांना चिकटलेली.
खुर्ची आधी जराशी कलली,
पाहुण्यानं 'निघतो आता' म्हणावं तशी,
आणि मग बराच वेळ निघालीच नाही.
बर्निस सुपाचा डाव हातात घेऊनच धावत आली.
गेली तेव्हा आवाज झाला तो मुलांचाच,
तळ्यानं हूं की चूं केलं नाही.

मी वही उघडली.
सतरासमोर एकच नाव होतं.
वेस्ली लाहती. पेन्सिलीनं, सातचा आकडा उलटा.
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात
ट्रकमध्ये गाद्यांवर बसून गेला तो,
खिडकीतून नाही, मागच्या फळीवरून हात हलवत.
दाखल्यावर पुढचा पत्ता म्हणून त्याच्या आईनं लिहिलंय,
ओहायो, भावाकडे.
बस, एवढंच.

मॅपल सिरपची बाटली माझ्या टेबलावर आहे.
ती दुसऱ्या नंबरला द्यावी असं एकजण म्हणाला.
अठरा तारीख लिहिणारी सहाजणं आहेत,
आणि सहांपैकी एकानंही मागितली नाही.

म्हणून शेवटच्या चौकटीत, ठळक अक्षरांत:
यंदाचा विजेता, वेस्ली लाहती, इयत्ता दुसरी.
'माजी' हा शब्द एकदा टाइप केला होता,
मग खोडला.
पत्ता कुणाला ठाऊक असेल तर ऑफिसात कळवावा,
फोनवर, चिठ्ठीनं, कसंही.

ता. क.
बुटांच्या आत नाव घाला,
पुसलं जाणार नाही अशा शाईनं.