जोळाची वही

उघाडीचं दार आता कुलपात असतं.
किल्ली तालुक्याच्या ऑफिसात,
ऑफिस दुसऱ्या मजल्यावर,
आणि धरमतरच्या खाडीला जिना चढता येत नाही.

माझा बाप, पदाजी धर्मा,
ओहोटी लागली की अंधारात उठायचा,
फळी वर ओढून शेतातलं पाणी सोडायचा,
खाडी वळायच्या आत फळी खाली.
पगार नव्हता. वर्षाला सहा पायली भात
आणि उघाडीच्या तोंडाशी बोकशी लावायचा हक्क.
त्यातल्या निवट्यांवर मी शाळा शिकलो.

हिशेब यायला लागला म्हणून वही माझ्याकडे आली.
घरटी एक माणूस, त्याचं त्याचं घमेलं.
खांड गेली की हाळी,
जेवता माणूस उष्ट्या हाताने निघायचा.
न येईल त्याला आठ आणे दंड.
एकोणऐंशी साली हरी गोमा आला नाही,
घरात बायको बाळंत होत होती.
दंड लागला.
त्याने स्वतः आणून दिला,
वर वहीवर पेढा ठेवला. तूप उतरलेलं अजून दिसतं.

कायदा म्हणा हवं तर.
पण तो आमच्या आळीत राहायचा,
चुकला तर त्याला शिवी देता यायची
आणि तो ऐकायचा.

मग बांध योजनेत गेला.
खोटं कशाला, अर्ज मीच लिहिला.
माझं अक्षर चांगलं.
‘ग्रामस्थांना दरवर्षी त्रास होतो, तरी महोदयांनी…’
त्रास!
ओझं उतरलं म्हणून त्या रात्री कोंबडं कापलं आम्ही.

आधी एक साहेब आला.
मग त्याच्यावर एक.
दोघांचं जुळेना म्हणून समन्वयाला तिसरा.
तिघांनी मिळून तळ्यातला जिताडा नेला
आणि बांधाला नंबर दिला.
चिखल-पेंढ्याचा बांध म्हणे नियमात बसत नाही,
दगडाचा अंदाजपत्रकात.
दरम्यान तिवरं वाढली, मुळाशी खेकड्यांनी घरं केली.
तिवर तोडायला वनखातं,
माती उचलायला महसूल,
पाण्याला वेगळं बोर्ड.
खेकड्याला अजून कुणी नाही.
नेमतील.

सर्वपित्रीची अमावास्या, शनिवार.
भात पोटरीत आणि खांड गेली, बारा हातांची.
फोन लावला.
एक बाई गोड आवाजात म्हणाली, कार्यालयीन वेळेत संपर्क साधा.
तिलाच दोनदा ऐकलं.
मग हाळी दिली.
सत्तरीचा गळा, मध्येच फाटला.
खिडक्या उघडल्या. कुणी टॉर्च मारला.
एका पोराने व्हिडिओ काढला, चांगला काढला,
पाणी कुठून शिरतंय ते स्वच्छ कळतं.
‘काका, बांध सरकारचा ना? भरपाईचा फॉर्म येईल की.’
पोरगा वाईट नाही.
त्याच्या हातात कुणी कधी घमेलं दिलंच नाही.

तिघं होतो. मी, दामा, दामाची सून सुगंधा.
पेंढा, चिखल, पाठीने रेटलेली फळी.
सहा हात बुजले.
उरलेल्या सहातून खाडी आत येत राहिली,
सावकाश,
मंजुरी मिळालेल्या माणसासारखी.

पहाटे वही काढली.
कडा झुरळांनी खाल्लेल्या.
तारीख घातली, तिथी घातली.
हजर, तीन.
गैरहजर, पहिलं नाव माझ्या मुलाचं.
पनवेलला असतो, सरकारी नोकरीत. आठ आणे.
मग आळीतली सगळी, एकेक करून.
हरी गोमाचा नातूही. त्याचं अजून बारसं ताजं, तरी घर म्हणून.
पानाच्या तळाशी एक ओळ उरली.
तिथे लिहिलं, सरकार. आठ आणे.

आमच्या वहीत नावापुढे बापाचं नाव घालायची रीत आहे.
बराच वेळ पेन टेकवून बसलो.
मग माझंच घातलं.
हात ओला होता, शाई पसरली.