दहा सेंट कमी

बस, योरिस. टोपी ठेव त्या खुर्चीवर.
ट्राम चालवतोस ना? दार लोटताना
तू आधी मागे पाहिलंस,
कोणी चढायचं राहिलं का म्हणून.

काय लिहून आणलंयस? एक कॅरेट.
आणि खाली: तीन हजार युरो.
हे दोन आकडे, मुला,
एकमेकांशी बोलत नाहीत.

स्टेशनमागच्या या गल्लीत
माझा बाप बसायचा, त्याचा बाप बसायचा,
उत्तरेच्या खिडकीपाशी. इथे ऊन खोटं बोलत नाही,
कारण ते येतच नाही.

हा घे. नव्वद सेंट.
आणि हा पुरा एक कॅरेट.
चिमट्यात धर, अदलाबदल कर, आता सांग
कुठला कुठला?
पाव मिलिमीटरचा फरक आहे
आणि तुझा अर्धा पगार.
पुऱ्या आकड्याला लोक फार पैसे मोजतात.
माझा आरोन एकोणसाठाव्या वर्षी गेला.
अपुरं आयुष्य, असं कोणी म्हणायला लागलं
की मी चहा ठेवायला उठायचे.

रंग? उताणा ठेवलास तर किंचित पिवळट आहे,
जुन्या पियानोच्या पट्टीइतका.
पिवळ्या सोन्यात बसव, मग शोध त्याचं पिवळेपण.
भिंग डोळ्याला लाव. जवळ. अजून.
कडेला एक पीस दिसतंय?
पाखरू नाही, पीस फक्त.
सोनार त्यावर सोन्याची नखी बसवेल.
पण तिला सांग. झाकलं ते नाहीसं झालं
असं माझ्या दुकानात चालत नाही.

पैसे घालायचेच तर घडणीत घाल.
पैलूंचा एक कोन चुकला
की आत शिरलेला उजेड तळातून निसटतो,
तुझ्या आरशातून जसा सायकलवाला निसटतो.
नीट पाडलेला हिरा उजेड परत करतो,
थोडा उशिरा, थोडा रंगीत.
त्यालाच आम्ही पाणी म्हणतो.
बाहेर नदीला आहे ते वेगळं,
ते भरती-ओहोटीचं, करडं.

प्रयोगशाळेतलाही आहे, लपवत नाही.
तोही हिराच. निम्म्याहून स्वस्त.
उद्या विकायला गेलास तर कोणी विचारणार नाही.
पण तू विकायला थोडाच घेतोयस?
घेतोयस का?
बरं, हसलास तरी.

ती काय करते, तुझी हिल्के?

सुईण.
म्हणजे दिवसभर हातमोजे.
म्हणजे अंगठी बोटात नाहीच.
हे तू मला आता सांगतोस?
तासभर मी तुला उजेड विकतेय
आणि तो राहणार कुलपाच्या कपाटात,
जेवणाच्या डब्याशेजारी.

थांब. नव्वदचा ठेवून देते.
नाही, देतेच ठेवून, ओढू नकोस.
नाकापेक्षा मोती जड करू नये.
हा बघ. साठ सेंट. पाणी तेच.
कोंदण बसकं करून घे,
घाईत हातमोजा चढवताना अडकू नये म्हणून.
उरलेल्या पैशांत एक बारीक साखळी घे.
अंगठी गळ्यात राहील,
आणि एखादं मूल पहिल्यांदा रडेल
तेव्हा ती पुढे वाकली
की सदऱ्याच्या आत झोका घेईल.

कमी वाटेल? कोणाला?
तुझ्या आईला वाटेल. वाटू दे.
ट्राममधल्या बायकांना वाटेल,
त्या पुढच्या थांब्यावर उतरतील.

कागदाला पाच घड्या घालायच्या, अशा.
बिल मिळेल, पण आमच्याकडे सौदा
त्याआधीच पुरा होतो:
मझल म्हणायचं आणि हात द्यायचा.
मग पृथ्वी उलटी झाली तरी शब्द फिरवायचा नाही.

म्हण.
दे हात.
घामेजलाय सगळा. पुसू नकोस,
मी चाळीस वर्षं पाणी पारखतेय,
हे चांगलं आहे.