ठेकेदाराचा आहार

न्हाणीच्या मागं फुटका रांजण आडवा पडलाय,
त्यात राहतो ठेकेदार.
नाव माझ्या ईश्वरनं ठेवलं, पोट बघून.
दिवसभर मी अंगणवाडीत लेकरांची वजनं लिहिते,
हिरवा पट्टा, पिवळा, लाल,
आणि घरी हे एक,
कुठल्याच रजिस्टरात नसलेलं.

पहिल्यांदा खिचडी ठेवली त्याच्यापुढं,
मटकी घातलेली, शासनाची.
ढुंकून पाहिलं नाही.
मुंग्या आल्या, तशा त्यानं मुंग्या टिपल्या,
शितं तिथंच.
जे हलत नाही
ते त्याच्या लेखी जेवणच नाही.

मग रातकिडे. शेणखतातलं एखादं गांडूळ.
एक दिवस भरपेट, एक दिवस उपास,
कारण बल्बखाली बसून उधईची पाखरं खाऊन
एकदा असा फुगला की उडी मारेना.
बल्ब काढून ठेवला मी.
अंड्याची टरफलं खलबत्त्यात कुटते,
रातकिडे त्यात घोळवते
खसखशीत अनारसा घोळवावा तसे.
पारबताबाई कुंपणावरून म्हणते,
"काहून वो, बेंडकाले पैलवान कराचं हाय काय?"

पाणी तो तोंडानं पीत नाही, पोटाच्या कातडीनं पितो.
नळाला ब्लिचिंगचा वास,
म्हणून परात रात्रभर उघडी ठेवते आधी.

पऱ्हाटीवर फवारा सुरू झाला त्या आठवड्यात
ईश्वर डबा भरून नाकतोडे घेऊन आला.
"आई, आज पकडाच नाही लागले,
धुऱ्यावर नुसते पडून होते."
झाकण उघडलं.
हलत होते सगळे. पाय झाडत होते.
ठेकेदारानं मान वळवली.

डबा मी हिसकला, खोल पुरला,
पोराचे हात तीनदा धुवून घेतले,
त्याला रागावलेही, उगाच.

आता सकाळी मसणवटीकडे जाते.
तिथल्या गवताला कोणी फवारत नाही.
लोक विचारतात, सांगते, सरपण.
पाच नाकतोडे पुरतात. झाकणाला भोकं पाडलीत.

एक सोडला की तो थांबतो,
पुढच्या पायाचं बोट तेवढं थरथरतं,
मग जीभ दिसतही नाही.
गिळताना डोळे मिटतो,
बुबुळं आत दाबून घास खाली ढकलतो.
कुमऱ्यांची वैभवी अशीच गिळते
पालकाची भाजी,
मी समोर उभी असले तर.