चार डेसिबल

परळच्या दुकानात दोन्ही मशिनी मुक्याच वाटल्या;
बाहेर पुलाचं पाडकाम चाललेलं.
कोरगावकर म्हणाला, ही सव्वीस डेसिबल, ती तीस.
म्हटलं, आकडे राहू देत, दोन्ही घरी पाठव.
तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलीत,
लाइन जिवंत की मेलेली, कानाला कळतं.

सोमवारी तीसवाली.
शिट्टीच्या जरा अलीकडे
अडून बसलेल्या कुकरसारखी.
हे झोपले. मीही.

मंगळवारी सव्वीसवाली.
फ्रीज ऐकू आला,
खाली वॉचमनचा खोकला,
आणि यांच्या कुशीवर नुसता अंधार.
तीनदा उठून
मास्कच्या भोकापाशी तळहात धरला.

सकाळी फोन लावला :
ती महागडी घेऊन जा बाबा.

‘का हो काकू, आवाज करते?’

‘नाही ना.’